नक्कल करायलाही अक्कल लागते!

मित्रमैत्रिणींनो, ‘कॉपी’ हा शब्द वर्गात नुसता उच्चारला तरी सगळ्यांचे कान टवकारतात! परीक्षेतली कॉपी म्हणजे चोरी, आणि ती करणाऱ्याची आम्ही शिक्षक मुळीच गय करत नाही. पण एक कॉपी अशी आहे, की ती करा म्हणून आम्हीच तुमच्या मागे लागतो. ती म्हणजे कॉम्प्युटरमधल्या फाइलींची कॉपी.

तुम्ही म्हणाल, “त्यात काय शिकायचंय? कंट्रोल आणि सी दाबायचं, मग कंट्रोल आणि व्ही दाबायचं. झाली कॉपी!” अगदी बरोबर. पण मग मला सांगा, एकच मोठा सिनेमा पेनड्राइव्हवर भराभर जातो, आणि तेवढ्याच आकाराच्या हजारो छोट्या फाइली जाता जात नाहीत, असं का? ‘दोन मिनिटं राहिली’ असं दाखवणारा कॉम्प्युटर मध्येच ‘अकरा मिनिटं राहिली’ असं का म्हणतो? आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, कॉपी ‘झाली’ असं दिसलं तरी ती खरंच झाली, हे कशावरून?

आपल्याकडे म्हणतात ना, नक्कल करायलाही अक्कल लागते. ती अक्कल कोणती, ते आज आपण पाहू या.

शाळेचं रजिस्टर आणि कॉम्प्युटरचं रजिस्टर

समजा, तुमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाचे फोटो आणि व्हिडिओ एका फोल्डरमध्ये ठेवलेत. फोल्डर आहे ६ जीबीचा, म्हणजे साधारण ६००० एमबीचा. तो तुम्हाला पेनड्राइव्हवर घ्यायचाय. हाच फोल्डर आपण लेखभर सोबत घेऊन फिरू.

आधी हे समजून घ्या, की कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक फाइलचे दोन भाग असतात. एक म्हणजे खुद्द मजकूर, म्हणजे फोटो, आवाज किंवा लेखन. दुसरा म्हणजे त्या फाइलची नोंद. शाळेत कसं, नवा विद्यार्थी आला की त्याचं नाव, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख हे सगळं मुख्याध्यापकांच्या रजिस्टरात लिहिलं जातं. तसंच प्रत्येक फाइलचं नाव, तारीख, आकार आणि ती डिस्कवर नेमकी कुठे ‘बसली’ आहे, हे कॉम्प्युटर आपल्या रजिस्टरात लिहून ठेवतो.

आता गंमत पाहा. एकाच डिस्कवर फाइल या फोल्डरमधून त्या फोल्डरमध्ये हलवली, तर काम क्षणात होतं. मग ती फाइल २ जीबीची का असेना! कारण मजकूर जागचा हलतच नाही. ‘अ’ तुकडीतला मुलगा ‘ब’ तुकडीत गेल्याची फक्त नोंद बदलते.

कॉपी करताना मात्र तसं चालत नाही. तिथे मजकुराचं अक्षर न् अक्षर वाचावं लागतं आणि दुसरीकडे पुन्हा लिहावं लागतं. पेनड्राइव्ह ही तर वेगळीच शाळा. तिथे नवं रजिस्टर, नवी नोंद आणि बसायला नवी जागा!

म्हणून पहिली युक्ती लक्षात ठेवा. एकाच डिस्कवर फाइली नुसत्या नीट लावायच्या असतील, तर त्यांची कॉपी करून मग जुनी खोडत बसू नका. सरळ हलवा. विंडोजमध्ये फाइल माउसने ओढून त्याच डिस्कवरच्या दुसऱ्या फोल्डरवर सोडली की ती हलते, आणि दुसऱ्या डिस्कवर सोडली की तिची कॉपी होते. आपल्याला हवं तेच व्हावं म्हणून ओढताना कंट्रोलची कळ दाबून धरली तर कॉपीच होते, आणि शिफ्टची कळ दाबून धरली तर फाइल हलतेच.

एक पोतं आणि हजार पुड्या

आता सुरुवातीच्या कोड्याकडे वळू. एक मोठी फाइल लवकर जाते आणि तेवढ्याच आकाराच्या हजारो छोट्या फाइली रेंगाळतात. का बरं?

तुम्हाला दुकानातून ५० किलो गहू आणायचाय असं समजा. एकच पोतं असेल तर दुकानदार एकदा वजन करतो, एकदा वहीत लिहितो, आणि पोतं गाडीवर चढतं. पण तोच गहू ५० ग्रॅमच्या १००० पुड्यांमध्ये हवा असेल तर? गहू तेवढाच, पण १००० वेळा वजन आणि १००० वेळा नोंद!

फाइलींचं अगदी असंच आहे. प्रत्येक फाइलसाठी कॉम्प्युटरला रजिस्टर उघडावं लागतं, नाव लिहावं लागतं, मोकळी जागा शोधावी लागते, तारीख-वेळ टाकावी लागते, आणि नोंद पूर्ण करून पुढच्या फाइलकडे वळावं लागतं. शिवाय व्हायरस पकडणारा प्रोग्रॅम दारात उभा असतो. तो प्रत्येक फाइल तपासतो. फाइल मोठी असेल, तर ही वरची खटपट नगण्य ठरते. फाइल इवलीशी असेल, तर मजकुरापेक्षा खटपटच जास्त होते.

मग उपाय काय? पुड्या एका पोत्यात भरायच्या! त्यालाच ‘झिप’ करणं म्हणतात. फोल्डरवर माउसचं उजवं बटण दाबलं की तशी सोय सापडते. हजारो छोट्या फाइलींची एक फाइल होते, आणि ती एकच फाइल कॉपी करायची.

पण इथेही अक्कल हवी बरं का. झिप करायलाही वेळ लागतो. म्हणून मोजक्या फाइलींसाठी हा खटाटोप कामाचा नाही. आणखी एक. फोनमधले बहुतेक फोटो जेपीईजी या प्रकारचे असतात. ते मुळातच दाबून लहान केलेले असतात, व्हिडिओही तसेच. त्यामुळे त्यांना झिप केल्यानं आकार फारसा कमी होत नाही. लेखनाच्या फाइली मात्र झिप केल्यावर चांगल्याच आक्रसतात.

साखळीतली सगळ्यांत अशक्त कडी

“सर, आमच्या कॉम्प्युटरला निळ्या रंगाचं भोक आहे, ते एकदम फास्ट असतं!” असं एखादा चुणचुणीत विद्यार्थी हमखास सांगतो. खरं आहे ते. पेनड्राइव्ह जिथे खुपसतात त्या जागेला यूएसबी पोर्ट म्हणतात. २००० साली आलेल्या यूएसबी २.० चा कमाल वेग सेकंदाला ४८ कोटी बिट, तर २००८ साली आलेल्या यूएसबी ३.० चा ५०० कोटी बिट. म्हणजे दहापटीहूनही जास्त! यूएसबी ३.० चं पोर्ट ओळखू यावं म्हणून अनेक कंपन्या त्याच्या आतली पट्टी निळी ठेवतात.

पण इथे दोन मेखा आहेत. पहिली म्हणजे, हा वेग ‘बिट’मध्ये सांगितलेला असतो, आणि आपली फाइल मोजतात ‘बाइट’मध्ये. ८ बिट मिळून १ बाइट होतो. म्हणून ४८ कोटी बिट म्हणजे ६ कोटी बाइट, अर्थात सेकंदाला ६० एमबी. तोही कागदावरचा कमाल वेग. प्रत्यक्षात त्याहून कमीच मिळतो.

दुसरी मेख अधिक महत्त्वाची. रस्ता कितीही रुंद केला, तरी गाडीच बैलगाडी असेल तर काय उपयोग? समजा, तुमचा पेनड्राइव्ह सेकंदाला १० एमबीच लिहू शकतो. मग आपल्या ६००० एमबीच्या फोल्डरला ६०० सेकंद, म्हणजे १० मिनिटं लागणारच. पोर्ट निळं असो की काळं! वाचणारी डिस्क, पोर्ट, वायर आणि लिहिणारा पेनड्राइव्ह अशी ही साखळी आहे. साखळीचा वेग तिच्यातल्या सगळ्यांत मंद कडीवर ठरतो. म्हणून कॉपी सावकाश होत असेल, तर कॉम्प्युटरला नावं ठेवण्याआधी मंद कडी कोणती ते शोधा.

आणखी एक साधी गोष्ट. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये गोल तबकडी फिरत असते. मिनिटाला ५४०० फेरे घेणारी तबकडी सेकंदाला ९० फेरे घेते! तिच्यावर एक बारीक सुईसारखा भाग सरकत वाचन-लेखन करतो. तुम्ही एकाच वेळी तीन-चार कॉप्या सुरू केल्या, तर त्या बिचाऱ्याला सारखं इकडून तिकडे पळावं लागतं. एका शिक्षकाला चार वर्गांवर एकदम तास घ्यायला लावल्यासारखंच ते! अशा वेळी एक कॉपी संपू द्यावी आणि मगच दुसरी लावावी. एसएसडी नावाच्या नव्या डिस्कमध्ये तबकडी नसते, म्हणून तिला हा त्रास कमी होतो.

‘दोन मिनिटं राहिली’ हा अंदाजच

आता कॉम्प्युटर वेळ चुकीची का सांगतो? अहो, तो खोटं बोलत नाही, अंदाज करतो! आतापर्यंत मिळालेल्या वेगावरून ‘याच वेगानं गेलो तर इतका वेळ’ असं गणित तो मांडतो. पुण्याहून सातारच्या एसटीत बसल्यावर सपाट रस्त्यावरचा वेग पाहून तुम्ही वेळ काढली, आणि पुढे खंबाटकी घाट लागला तर? अंदाज चुकणारच. मोठ्या फाइली म्हणजे सपाट रस्ता, छोट्या फाइलींचा गठ्ठा म्हणजे घाट.

शिवाय कॉम्प्युटर बऱ्याचदा मजकूर आधी आपल्या तात्पुरत्या स्मरणात घेतो, आणि तिथून पेनड्राइव्हवर उतरवतो. म्हणून सुरुवातीला पट्टी झपाझप सरकते. ती जागा भरली, की पेनड्राइव्हचा खरा वेग दिसू लागतो. याचा दुसरा अर्थ नीट ध्यानात घ्या. पडद्यावरची पट्टी पूर्ण भरली, तरी शेवटचा थोडा मजकूर अजून वाटेतच असू शकतो! म्हणूनच पेनड्राइव्ह ओढून काढण्याआधी ‘इजेक्ट’ म्हणायचं आणि ‘आता काढा’ असा निरोप येईपर्यंत थांबायचं. घाटात पाटी असते ना, ‘अति घाई, संकटात नेई’? ती इथेही लागू आहे.

जे आहे ते पुन्हा कशाला?

इथवर आपण कॉपीचा वेग वाढवण्याच्या युक्त्या पाहिल्या. पण सगळ्यांत हुशार युक्ती निराळीच आहे. ती म्हणजे जे आधीच पोचलंय, ते पुन्हा पाठवायचंच नाही!

समजा, स्नेहसंमेलनाचा फोल्डर तुम्ही गेल्या आठवड्यात पेनड्राइव्हवर घेतला. आता त्यात फक्त २० नवे फोटो आलेत. पुन्हा ६ जीबी कॉपी करायचं का? मुळीच नाही. विंडोजसोबत ‘रोबोकॉपी’ नावाचा प्रोग्रॅम फुकट येतो. तो दोन्हीकडच्या फाइलींची नावं, आकार आणि तारखा ताडून पाहतो. ज्या सारख्या आहेत त्या सोडून देतो, आणि फक्त नव्या किंवा बदललेल्या फाइली नेतो. हा प्रोग्रॅम आज्ञा टाइप करून चालवावा लागतो. त्यात ‘मिरर’ म्हणजे आरसा अशी एक आज्ञा आहे. तिच्यापासून मात्र सांभाळून! दोन्ही बाजू हुबेहूब सारख्या करण्यासाठी ती दुसऱ्या बाजूच्या जास्तीच्या फाइली पुसून टाकते. ‘कुठून’ आणि ‘कुठे’ यांची अदलाबदल झाली, तर नवे फोटोच गायब व्हायचे. म्हणून ही आज्ञा मोठ्यांना विचारल्याशिवाय वापरू नका.

याच्याही पुढची पायरी गाठली ऑस्ट्रेलियात. कॅनबेरा शहरातल्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास या दोघांनी १९९६ साली ‘आरसिंक’ नावाचा प्रोग्रॅम लोकांपुढे आणला. त्या काळी दूरच्या कॉम्प्युटरशी बोलायचं ते बरेचदा टेलिफोनच्या तारेवरून, आणि तेही मुंगीच्या पावलांनी. मोठ्या फाइलमध्ये चार ओळी बदलल्या म्हणून सबंध फाइल पुन्हा पाठवणं अवघड होतं. पण फक्त बदल पाठवायचा, तर दोन्ही फाइली शेजारी ठेवून पाहायला हव्यात. आणि त्या तर दोन वेगळ्या गावी! मग बदल कळणार कसा?

यावर त्यांनी काढलेली युक्ती तुम्हाला साध्या बेरजेनं समजेल. वही-पेन्सिल घ्या.

समजा, लातूरच्या मैत्रिणीकडे जुनी फाइल आहे. तिच्यात हे आकडे आहेत: ३, ८, १, ५, ७, २, ६, ४. नागपूरच्या मैत्रिणीकडे नवी फाइल आहे. तिच्यात सुरुवातीला ९ हा एकच आकडा जास्त घातलाय: ९, ३, ८, १, ५, ७, २, ६, ४.

लातूरची मैत्रीण आपल्या आकड्यांचे चार-चारचे गट करते आणि फोनवर फक्त बेरजा सांगते. पहिला गट ३, ८, १, ५ म्हणजे १७. दुसरा गट ७, २, ६, ४ म्हणजे १९.

आता नागपूरची मैत्रीण आपले पहिले चार आकडे घेते: ९, ३, ८, १. बेरीज २१. ही ना १७, ना १९. मग ती एक घर पुढे सरकते. पुन्हा पहिल्यापासून बेरीज नाही करायची हं! मागे राहिलेला ९ वजा करायचा, आणि नवा आलेला ५ मिळवायचा. २१ वजा ९ अधिक ५ बरोबर १७. सापडला की पहिला गट! पुढचे चार आकडे ७, २, ६, ४ यांची बेरीज १९. दुसरा गटही सापडला!

मग ती फोनवर एवढंच सांगते: “आधी ९ लिही, मग तुझा पहिला गट, मग तुझा दुसरा गट.” नऊ आकड्यांची फाइल, पण नवा आकडा सांगावा लागला फक्त एक. आहे की नाही गंमत?

तुमच्यातला एखादा हुशार विद्यार्थी लगेच विचारेल, “पण ५, १, ८, ३ यांचीही बेरीज १७ च येते. मग फसगत नाही का होणार?” शाब्बास! हाच प्रश्न त्या दोघांनाही सोडवावा लागला. म्हणून आरसिंकमध्ये दोन खुणा असतात. एक झटपट काढता येणारी, आपल्या सरकत्या बेरजेसारखी, पण जरा गुंतागुंतीची. ती जुळली तरच दुसरी, वेळ लागणारी पण अतिशय पक्की खूण ताडून पाहायची. आधी चेहरा पाहायचा, आणि ओळखीचा वाटला तर अंगठ्याचा ठसा तपासायचा, असंच म्हणा ना!

पिक्सारची गोष्ट

आता थोडं गंभीर बोलू या. कॉपी झटपट झाली, पण ती नीट नसेल तर?

‘टॉय स्टोरी २’ हा सिनेमा तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. तो तयार होत असताना, १९९८ साली, अमेरिकेतल्या पिक्सार कंपनीत एक अघटित घडलं. कुणीतरी चुकून फाइली पुसण्याची आज्ञा दिली आणि सिनेमाच्या फाइली भराभर नाहीशा होऊ लागल्या. ज्या कॉम्प्युटरवर हे सगळं साठवलं होतं तो घाईघाईनं बंद केला, पण तोवर सिनेमाचा फार मोठा भाग पुसला गेला होता.

“मग काय झालं? बॅकअप असेल की!” होता ना. म्हणजे आहे असं सगळे समजत होते. पण तो नीट होतच नव्हता, आणि कुणी तपासूनच पाहिलं नव्हतं!

शेवटी तारलं कुणी? गॅलिन सुसमन या तिथल्या अधिकारी बाईंनी. बाळ झाल्यामुळे त्या घरून काम करत होत्या, म्हणून सिनेमाच्या फाइलींची कॉपी त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर होती. तो कॉम्प्युटर पांघरुणात गुंडाळून, मोटारीनं, जपून जपून कंपनीत आणला. त्यातून सिनेमाच्या फाइली परत मिळाल्या. १९९९ साली सिनेमा झळकला.

या गोष्टीतून दोन धडे मिळतात. तपासून न पाहिलेली कॉपी म्हणजे कॉपी नव्हेच. आणि एक कॉपी दुसऱ्या जागी असलीच पाहिजे.

नकलेत चुका शिरतात ही गोष्ट काही कॉम्प्युटरबरोबर आलेली नाही. छापखाने नव्हते तेव्हा पोथ्या हातानं उतरवून घेत. एकानं उतरवली, त्याच्यावरून दुसऱ्यानं, त्याच्यावरून तिसऱ्यानं. असं होता होता मूळ शब्द बदलत जात. ज्ञानेश्वरी १२९० साली सांगितली गेली. पुढे संत एकनाथांनी तिच्या प्रतींमधले अशुद्ध पाठ दूर करून शके १५०६, म्हणजे १५८४ साली शुद्ध प्रत सिद्ध केली. जवळजवळ तीनशे वर्षांच्या नकलांमधल्या चुका निस्तरायला केवढी मेहनत पडली असेल! आपल्याला तर फोल्डर तपासायला पाच मिनिटं लागतात.

कॉपी कशी तपासाल?

१. मूळ फोल्डर आणि कॉपी केलेला फोल्डर, दोन्हींवर माउसचं उजवं बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’ पाहा. फाइलींची संख्या आणि ‘साइझ’ समोर लिहिलेले बाइट जुळले पाहिजेत. ‘साइझ ऑन डिस्क’ हा आकडा मात्र दोन डिस्कवर वेगळा असू शकतो. त्याला घाबरू नका.

२. नव्या ठिकाणची पहिली, मधली आणि शेवटची फाइल उघडून पाहा. व्हिडिओ असेल तर शेवटापर्यंत सरकवून पाहा.

३. ‘या नावाची फाइल आधीच आहे, बदलू का?’ असा प्रश्न आला, तर विचार न करता ‘हो’ म्हणू नका. दोन कॅमेऱ्यांतल्या वेगवेगळ्या फोटोंचं नाव एकच असू शकतं. एक ठेवताना दुसरा कायमचा जायचा! आधी दोन्ही ताडून पाहा.

४. महत्त्वाच्या फाइली पेनड्राइव्हवर नेताना ‘कट’ करू नका. आधी कॉपी करायची, मग तपासायची. मूळ फाइल पुसायची वेळ आलीच, तर ती सगळ्यांत शेवटी.

५. मोठी फाइल ‘जागा असूनही बसत नाही’ असं पेनड्राइव्ह म्हणत असेल, तर त्याची मांडणी फॅट-३२ या जुन्या पद्धतीची आहे का ते पाहा. या पद्धतीत ४ जीबी किंवा त्याहून मोठी एकच फाइल मावत नाही. मांडणी बदलता येते, पण तसं करताना पेनड्राइव्ह सगळा पुसला जातो. म्हणून आधी त्यातलं सामान दुसरीकडे काढून ठेवा.

मोठ्या वर्गातल्या मुलांसाठी आणखी एक सांगतो. एसएचए-२५६ नावाची एक रीत आहे. कुठल्याही फाइलला ती लावली की ६४ अक्षर-आकड्यांचा ठसा मिळतो. फाइलमध्ये एक स्वल्पविराम जरी बदलला, तरी ठसा पार निराळा येतो. मूळ फाइल आणि कॉपी यांचे ठसे जुळले, की निर्धास्त राहा.

करून पाहा

सुटीच्या दिवशी घरी किंवा शाळेच्या संगणक कक्षात हा प्रयोग करा. एका फोल्डरमध्ये जमतील तितक्या छोट्या फाइली गोळा करा. तो फोल्डर तसाच पेनड्राइव्हवर कॉपी करा आणि घड्याळात वेळ मोजा. मग त्याला झिप करा. झिप करायला लागलेला वेळ वेगळा लिहा, आणि ती एक फाइल कॉपी करायला लागलेला वेळ वेगळा लिहा. दोन्हींची बेरीज पहिल्या वेळेपेक्षा कमी आली की जास्त? हाच प्रयोग फक्त फोटोंवर करून पाहा. तक्ता तयार करा आणि आपल्या गुरुजींना किंवा बाईंना दाखवा. विज्ञान-प्रदर्शनात मांडण्याजोगा प्रयोग आहे बरं का!

पालकांसाठी दोन शब्द

आज घराघरातल्या आठवणी फोनमध्ये आहेत. बाळाचं पहिलं पाऊल, आजीनं म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या, आजोबांचा आवाज. फोन पाण्यात पडला, हरवला किंवा बिघडला, तर हे सगळं एका क्षणात जातं, आणि मग कुठल्याच दुकानात ते विकत मिळत नाही. पीटर क्रोग या छायाचित्रकारानं लोकांपर्यंत पोचवलेला एक नियम फार सोपा आहे: ३-२-१. महत्त्वाच्या गोष्टीच्या ३ प्रती ठेवा, त्या २ वेगळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवा, आणि त्यांपैकी १ प्रत घराबाहेर असू द्या. मामाकडे किंवा काकांकडे ठेवलेला एक पेनड्राइव्हसुद्धा चालेल.

हे काम मुलांकडे सोपवा. महिन्याचा एक रविवार ठरवून द्या. ‘झालं का एकदाचं?’ असा तगादा मात्र लावू नका. त्याऐवजी ‘तपासलंस का?’ एवढंच विचारा.

तर बालदोस्तांनो, आता मोठी पट्टी पडद्यावर हळूहळू सरकताना दिसली, की नुसते जांभया देत बसू नका. मंद कडी कोणती, पुड्या किती, आधीच पोचलेलं काही आपण पुन्हा तर पाठवत नाही ना, याचा विचार करा. आणि या रविवारी एक काम नक्की करा. घरातली सगळ्यांत मोलाची फाइल कोणती ते आईबाबांना विचारा, आणि तिच्या प्रती किती आहेत ते मोजा. उत्तर ‘एकच’ असं आलं, तर मग वाट कसली पाहताय? लागा कामाला!